कॅमेऱ्यापुढचा बौद्ध समाज : काही माहितीपटांचा परामर्श

महाराष्ट्रातील बौद्ध समाजाविषयी जे लिहिले गेले, त्याची समीक्षा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. आत्मकथने, कविता, कथा यांवर ग्रंथ निघाले, परिसंवाद झाले, विद्यापीठांतून प्रबंध सादर झाले. परंतु या समाजाविषयी, त्याच्या इतिहासाविषयी आणि बुद्धचरित्राविषयी जे माहितीपट व ज्या मालिका निर्माण झाल्या, त्यांच्याकडे आपल्या अभ्यासकांनी तितक्या गांभीर्याने पाहिलेले नाही. चित्रपट म्हणजे करमणूक ही आपली जुनी समजूत त्यास कारणीभूत असावी. वस्तुस्थिती अशी आहे की, वैशाख पौर्णिमेला किंवा १४ एप्रिलला अनेक विहारांत आता पडदा लावून असे कार्यक्रम दाखविले जातात आणि धम्मवर्गातील कित्येक मुलांना बुद्धचरित्राची पहिली ओळख तेथेच होते. ग्रंथ वाचणारा दुसऱ्या ग्रंथाशी तो ताडून पाहू शकतो. पडद्यावर पाहिलेले मात्र 'आम्ही डोळ्यांनी पाहिले' या भावनेने स्वीकारले जाते. म्हणून माहितीपटाने काय दाखविले याइतकेच, त्याने ते कोणत्या आधारावर दाखविले, हे विचारणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम इतिहासाच्या मालिकांकडे वळू. श्याम बेनेगल यांनी पंडित नेहरूंच्या ग्रंथावर आधारलेली 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका दूरदर्शनवर १९८८ साली सुरू झाली. तिची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. पुराणकथांच्या मालिकांनी रविवारची सकाळ व्यापली होती, त्या काळात इतिहास हा पुराव्याचा विषय आहे असे सांगणारी ही मालिका होती. ओम पुरी यांनी उभा केलेला सम्राट अशोक आजही अनेकांच्या स्मरणात असेल. तथापि या मालिकेच्या प्रत्येक भागाचा आरंभ ऋग्वेदातील नासदीय सूक्ताच्या गायनाने होतो, ही गोष्ट केवळ संगीताची म्हणून सोडून देता येत नाही. त्या गायनाने भारताच्या इतिहासाचा उगम कोठे मानावयाचा हे आधीच ठरून जाते. मग बुद्ध येतो तो त्या एकाच प्रवाहातील एक वळण म्हणून, आणि पुढे तो त्या प्रवाहात विरून गेला असे प्रेक्षकाला आपोआप वाटू लागते. हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नव्हे. नेहरूंच्या ग्रंथाची मांडणीच समन्वयाची आहे.

याच्या आदल्याच वर्षी, १९८७ साली, महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा तिसरा खंड प्रसिद्ध केला होता. प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती यांविषयीचे त्यांचे अपुरे राहिलेले लेखन त्यात आहे. तेथे बौद्ध धम्माचा उदय ही क्रांती ठरते आणि पुष्यमित्र शुंगाचे राज्यारोहण हा प्रतिक्रांतीचा विजय. एका दृष्टीत संगम आहे, दुसरीत संघर्ष आहे. कोणती दृष्टी ग्राह्य याचा निर्णय इतिहासकारांनी करावा. पण कोट्यवधी घरांत पोहोचलेल्या मालिकेला एकच दृष्टी ठाऊक होती, आणि दुसरी त्या वेळी शासनाने छापलेल्या जाड खंडात बंद होती. २०१४ साली राज्यसभा टीव्हीवर दाखविल्या गेलेल्या 'संविधान' या दहा भागांच्या मालिकेत बेनेगल यांनीच बाबासाहेबांना घटना समितीच्या मध्यभागी आणले, हे त्यांच्या बाजूने नोंदविले पाहिजे. सचिन खेडेकर यांनी ती भूमिका संयमाने केली आहे. मात्र ते घटनाकार बाबासाहेब आहेत. बौद्ध इतिहासाचे अभ्यासक बाबासाहेब अद्याप पडद्यावर यावयाचेच आहेत.

बुद्धचरित्रावरील परदेशी माहितीपटांत २०१० साली अमेरिकेतील पी.बी.एस. वाहिनीवर दाखविला गेलेला डेव्हिड ग्रुबिन यांचा 'द बुद्ध' हा दोन तासांचा माहितीपट विशेष प्रसिद्धी पावला. रिचर्ड गेअर यांचे निवेदन, दलाई लामा, प्राध्यापक थर्मन आणि डब्ल्यू. एस. मर्विन व जेन हर्शफील्ड हे दोन कवी अशी त्याची सामग्री आहे. माहितीपट देखणा आहे आणि त्यात भक्तिभावही आहे. पण सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून त्यात वृद्ध, रोगी, प्रेत आणि संन्यासी या चार दृश्यांची कथाच सांगितली जाते.

या कथेचा इतिहास आमच्या वाचकांस नवा नाही. ती मूळ निकायांत गौतम बुद्धाच्या संबंधाने येत नाही. दीघनिकायाच्या महापदान सुत्तात ती विपस्सी बुद्धाची आहे, आणि पुढे निदानकथा, ललितविस्तर, बुद्धचरित या ग्रंथांनी ती गौतमाच्या चरित्रात पक्की बसविली. मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तर मातापिता रडत असताना आपण घर सोडले असे भगवान स्वतः सांगतात. मध्यरात्री गुपचूप निघून जाण्याच्या कथेशी हे जुळत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या १९४० च्या ग्रंथात ही विसंगती दाखवून अत्तदण्ड सुत्त आणि शाक्य-कोलियांचे कलह यांकडे लक्ष वेधले होते. बाबासाहेबांनी त्यापुढे जाऊन, एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर वृद्ध, आजारी आणि मृत माणूस पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटणारे नाही असे म्हटले, आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून उद्भवलेल्या युद्धाच्या प्रश्नावर शाक्य संघात सिद्धार्थाने घेतलेला विरोधी पवित्रा हे परिव्रज्येचे कारण मानले. ही मांडणी सर्वांनी मान्य करावी असा आमचा आग्रह नाही. पण ज्या माहितीपटाला इतके विद्वान लाभले, त्याने 'ही कथा उत्तरकालीन आहे' एवढे एक वाक्य उच्चारावयास हरकत नव्हती. कवीने कथेचा अर्थ सांगणे निराळे, आणि माहितीपटाने कथा हीच घटना म्हणून मांडणे निराळे.

येथवरचे माहितीपट दूरच्या काळाविषयी होते. आता ज्या माहितीपटाने आपल्याच वस्त्या, आपलीच माणसे आणि आपलाच शोक जगापुढे नेला, त्या आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' विषयी सविस्तर लिहावयाचे आहे. हा माहितीपट २०११ साली पूर्ण झाला. त्याचे चित्रीकरण चौदा वर्षे चालले होते आणि त्याची लांबी तीन तासांहून अधिक आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. चारच दिवसांनी, १५ जुलैला, लोककवी व गायक विलास घोगरे यांनी मुलुंड येथील आपल्या झोपडीत आत्महत्या केली. पटवर्धन यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर' या माहितीपटात घोगरे गायले होते. माहितीपटाचा उगम या वैयक्तिक नात्यात आहे. आयुष्यभर डाव्या चळवळीचे गाणे गाणाऱ्या या माणसाने अखेरच्या क्षणी डोक्याला निळे कापड का बांधले, हा त्याचा मूळ प्रश्न आहे.

पटवर्धन यांची पद्धत अशी की, निवेदकाचा आवाज फार ऐकू येत नाही. कॅमेऱ्यामागून ते साधा प्रश्न विचारतात आणि समोरच्याला बोलू देतात. या पद्धतीचे यश दोन ठिकाणी ठळकपणे दिसते. एक, गोळीबाराच्या समर्थनार्थ जो टँकरचा बचाव पुढे करण्यात आला, त्याची चित्रफितीच्या व जागेच्या आधारे केलेली तपासणी. येथे माहितीपट पुराव्याचे काम करतो. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने जबाबदार पोलीस अधिकाऱ्यास जन्मठेप दिली, आणि पुढे उच्च न्यायालयातून त्यास जामीन मिळाला. चौदा वर्षे कॅमेरा हाती धरून बसल्याखेरीज ही सारी कालगती एका कृतीत मावली नसती. वृत्तपत्राच्या वार्ताहराला तिसऱ्या दिवशी दुसरीकडे जावे लागते. दिग्दर्शक राहिला, म्हणून मृतांच्या घरांतील मुले मोठी झालेली आपल्याला दिसतात.

दुसरे यश गाण्यांचे आहे. आंबेडकरी जलशांची परंपरा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकापासूनची आहे. भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून गणगौळण काढून टाकली आणि तेथे प्रबोधन आणले. पुढे वामनदादा कर्डकांनी गावोगाव फिरून ती परंपरा घराघरांत नेली. साहित्याच्या इतिहासात या गाण्यांना अजूनही ओसरीवरच बसविले जाते. पटवर्धन यांनी गाण्याला सजावट म्हणून वापरलेले नाही. दोन प्रसंगांमधली रिकामी जागा भरण्यासाठी ते येत नाही, ते स्वतःच साक्ष देते. गाणे मध्येच तोडले जात नाही. गाणाऱ्या बाईचे घर, तिच्या मागची भिंत, भिंतीवरची तसबीर, शेजारी बसलेली मुले, हे सारे त्या गाण्याबरोबर येते. संभाजी भगत, पुण्याच्या कबीर कला मंचातील शीतल साठे व त्यांचे सहकारी यांची गाणी, भाई संगारे यांचे भाषण, खैरलांजीच्या २००६ च्या हत्याकांडानंतरचा संताप, कचरा वाहणाऱ्या कामगारांची दिनचर्या, आणि दादरच्या गर्दीविषयी नाक मुरडणारी सुखवस्तू माणसे, या सर्वांना एकत्र आणणारा धागा गाण्याचाच आहे. शीर्षकांतील इंग्रजी भाषांतर अर्थ पोहोचविते, पण गाण्यातील यमकाची चपराक पोहोचवीत नाही. तो भाषांतरकाराचा दोष म्हणता येणार नाही. मराठी प्रेक्षकाला या माहितीपटात जे मिळते ते परदेशातील प्रेक्षकाला अर्धेच मिळते, एवढे खरे.

इतके श्रेय दिल्यावर आमचा मतभेद सांगतो. या माहितीपटाच्या नावात दोन पदे आहेत, 'जय भीम' आणि 'कॉम्रेड'. सारा वाद या दोहोंत आहे : जात की वर्ग, निळे की लाल. डाव्या संघटनांनी जातीच्या प्रश्नाकडे केलेले दुर्लक्ष आणि आंबेडकरी पुढाऱ्यांनी सत्तेशी केलेले सौदे, या दोहोंवर दिग्दर्शक बोट ठेवतो आणि ते निर्भीडपणे करतो. परंतु ज्या समाजाविषयी हे चालले आहे त्याने १९५६ साली तिसरे एक पद उच्चारले होते. 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्याच्या सार्वजनिक आणि खाजगी जीवनाचे पद आहे. बाबासाहेबांनी नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. ध्येयाचे साम्य मान्य करून त्यांनी मार्ग मात्र निराळा सांगितला. हिंसा आणि हुकूमशाही यांच्या जागी त्यांनी शील आणि मनःपरिवर्तन ठेवले. 'जय भीम' आणि 'कॉम्रेड' यांच्यातील संवाद मांडू पाहणाऱ्या कृतीत या व्याख्यानाची चर्चा मध्यवर्ती असावयास हवी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

माहितीपटात बुद्ध दिसत नाही असे आम्ही म्हणत नाही. मूर्ती, पंचशील ध्वज, घराच्या भिंतीवरील तसबिरी चौकटीत येतात. परंतु त्यांच्याविषयी प्रश्न विचारला जात नाही. पोलिसांच्या गोळीविषयी, आरक्षणाविषयी, पुढाऱ्यांविषयी लोकांना विचारले जाते. 'तुम्ही सकाळी वंदना घेता का, आणि घेत असाल तर त्या वेळी काय मनात येते' असे विचारले जात नाही. निळे कापड का बांधले, या प्रश्नाचे उत्तर अस्मितेच्या भाषेत मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्या वस्तीतील माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तीच माणसे मृतांसाठी पुण्यानुमोदन करतात, परित्राण पाठ ऐकतात, वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन लावतात. शोक झालेल्या घरात अनित्यतेचा अर्थ काय होतो आणि अन्यायाच्या क्षणी 'वैराने वैर शमत नाही' ही शिकवण किती पेलते, हे प्रश्न विचारण्यासारखे होते. कदाचित उत्तर अवघड आले असते. एखाद्या मातेने 'मला ते पेलत नाही' असेही सांगितले असते. ते उत्तरही बहुमोल ठरले असते.

हा मुद्दा एका दिग्दर्शकापुरता नाही. बौद्ध समाजाविषयीच्या बहुतेक माहितीपटांत हा समाज साक्षीदार म्हणून येतो. आपल्यावर काय गुदरले हे तो सांगतो. धम्माचा अर्थ सांगण्याची वेळ आली की कॅमेरा धरमशालेकडे किंवा अमेरिकेतील विद्यापीठाकडे वळतो. स्टॅलिन के. यांच्या २००७ सालच्या 'इंडिया अनटच्ड' सारख्या महत्त्वाच्या कृतीतही, जी अस्पृश्यतेचे रूप सर्व धर्मांत आणि अनेक राज्यांत शोधते, दृष्टी अत्याचारावर स्थिर आहे. त्या कृतीचा तो विषयच असल्याने तिला दोष देता येणार नाही. परंतु अशा दहा कृती एकापुढे एक पाहिल्या म्हणजे परक्या प्रेक्षकाचा असा समज होतो की, या समाजाला दुःख आहे, गाणे आहे, मोर्चा आहे, पण विचार नाही. रविवारी विहारात मिलिंदपञ्हावर वाद घालणारा गिरणीतला निवृत्त कामगार, दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिरासाठी रजा काढणारा लिपिक, बौद्धाचार्य म्हणून पदरमोड करून गावोगाव विवाह लावणारा शिक्षक, पौर्णिमेला पांढरे पातळ नेसून सुत्तपठण करणाऱ्या बाया, यांपैकी कोणालाही पडद्यावर ज्ञानाचा अधिकारी म्हणून बसविले जात नाही.

हा माहितीपट प्रथम कोठे दाखविला गेला, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी.आय.टी. चाळीत, उघड्यावर, तो लोकांपुढे आला. महोत्सवांतील पारितोषिके आणि राष्ट्रीय पुरस्कारांतील विशेष उल्लेख यांपेक्षा ही गोष्ट आम्हांस मोठी वाटते. ज्यांचे चित्रण केले त्यांच्या दारात जाऊन ते दाखविणे हा एक प्रकारचा हिशेब देणे आहे. आमचा मतभेद असा हिशेब देणाऱ्याशी आहे, म्हणूनच तो इतक्या विस्ताराने मांडला. इतरांच्या बाबतीत इतकी शाई खर्च करण्याचे कारण पडले नसते.

अलीकडे समाजातीलच तरुणांनी कॅमेरा हाती घेतला आहे. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगावविषयीचा माहितीपट २०१७ साली आला. त्यानंतरच्या 'चैत्यभूमी' या त्यांच्या माहितीपटात ६ डिसेंबरला दादरला येणारा जनसमुदाय हाच विषय आहे. येथे गर्दीकडे पाहण्याची जागा बदलते. दादरच्या सज्जातून दिसणारी ती गर्दी नाही. रांगेत उभा असलेला माणूस, ग्रंथांची दुकाने, गाणारी पथके यांच्यामधून ती दिसते. दरवर्षी या दिवशी वृत्तपत्रांतून वाहतुकीची कोंडी आणि मैदानाची घाण एवढेच वाचावयास मिळत असे. लाखो लोक जेथे येतात आणि पुस्तके विकत घेऊन परत जातात, असा दुसरा दिवस या देशात क्वचितच असेल, हे पडद्यावर येणे आवश्यक होते. तरीही एक अपेक्षा उरते. आतून पाहणाऱ्याला पुष्कळ गोष्टी इतक्या परिचयाच्या असतात की त्यांविषयी प्रश्न विचारणे त्यास सुचत नाही. वंदनेतील पाली शब्द उच्चारणाऱ्या किती जणांना त्यांचा अर्थ उमगतो, मुलांच्या पिढीत ते किती उरले आहेत, बौद्ध म्हणून झालेल्या विवाहानंतरही हळदीचा कार्यक्रम का चालू राहतो, हे प्रश्न घरच्या माणसाने विचारले तर त्यात अपमान नाही.

कॅमेरा प्रथमच आपल्या हाती आला अशी समजूत मात्र नसावी. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा नामदेवराव व्हटकर यांनी स्वतःची मालमत्ता गहाण टाकून तिचे चित्रीकरण केले होते. त्या वेळी शासनाचा फिल्म्स डिव्हिजन हा विभाग होता, चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटापूर्वी त्याचे वार्तापट दाखविले जात, साधनसामग्रीही होती. २०२२ साली हा विभाग राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाला. परंतु त्या दिवसाची आठवण म्हणून समाज आज जी दृश्ये पाहतो, ती एका माणसाने कर्ज काढून टिपली आहेत. त्याच ठिकाणी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड समुदायास दीक्षा दिली, म्हणजे शोक आणि शरणगमन एकाच जागी घडले. पुढील माहितीपटांनी यांतील शोक उचलला, शरणगमन मागे राहिले.

ज्या विहारांजवळ आज साधा कॅमेरा आहे, त्यांनी दिग्दर्शकाची वाट पाहण्याचे कारण नाही. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी आणि चंद्रपूरला १६ ऑक्टोबर रोजी जे पंधरा-सोळा वर्षांचे होते, ते आता पंच्याऐंशीच्या आसपास आहेत. त्यांना गर्दी किती होती हे विचारू नये, ते ग्रंथांत आले आहे. घरी परतल्यावर देव्हाऱ्यातील देवांचे काय केले आणि ते कोणी केले, आईने की वडिलांनी. आजीने विरोध केला काय. गावात त्या वर्षी पोळ्याला आणि दिवाळीला काय झाले. पहिली वंदना कोणाकडून पाठ केली आणि तिचा अर्थ कोणी सांगितला. पहिला बौद्ध पद्धतीचा विवाह गावात कोणाचा झाला आणि तो लावावयास माणूस कोठून आणला. हे विचारावे, उत्तर मध्येच तोडू नये, आणि ध्वनिफितीवर दिवस, गाव व विचारणाऱ्याचे नाव आरंभीच सांगून ठेवावे.